फेरीवर विचारलं, ती म्हणाली ‘पावस पडूं दी’

कृष्णाकाठ | १८ मे, रात्री ११.१०

नमस्कार. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय. घरी अजून काही बोललेलो नाही, मित्रांना सांगितलं तर चिडवतील. म्हणून इथे.

मी सांगलीचा, वय २८. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पणजीला आलो. ऑफिस पाटो भागात आहे आणि चालत पाच मिनिटांवर कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. दुपारी डबा खाऊन तिथे मराठी वर्तमानपत्रं चाळत बसायची सवय लागली. नव्या गावात आपल्या भाषेतली पानं समोर असली की बरं वाटतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर एक मुलगी जुन्या वर्तमानपत्रांचा बांधीव गठ्ठा उघडून बसली होती. पान सारखं उलटत होतं आणि तिचे दोन्ही हात लिहिण्यात आणि ओळ धरण्यात गुंतलेले. तिने मान वर करून विचारलं, “इथे जरा हात ठेवता का? कागद जुना आहे, दाबू नका, नुसता ठेवा.” मी ठेवला. वीस मिनिटं ठेवला. जत्रेतल्या एका नाटकाची जाहिरात होती, ती तिने अक्षरन् अक्षर उतरवून घेतली.

गोव्यात गावोगावी जत्रेच्या, काल्याच्या रात्री गावकरीच मराठी नाटकं बसवतात, त्यावर ती अभ्यास करतेय. मी सांगलीचा म्हटल्यावर तिने वहीच मिटली. “म्हणजे नाटकाच्या गावचे!” १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग सांगलीत झाला हे मला शाळेपासून पाठ आहे, पण त्याचा कुणाला एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदा बघितला.

तिचं घर फोंडा तालुक्यात, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एप्रिलपासून शनिवारी मी तिच्याबरोबर म्हाताऱ्या नटांकडे जाऊ लागलो. ती प्रश्न विचारायची, मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचो आणि आठवडाभर रात्री बसून ते उतरवून द्यायचो. ऐंशीच्या घरातले एक आजोबा खाटेवर पडल्या पडल्या स्त्रीभूमिकेतलं पद म्हणाले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, डोळे भरून आले होते म्हणून.

काम संपलं की तिच्या घरी चहा. मग कुळागर. वर पोफळी, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल, खाली केळी, अननस, मधूनच जायफळाचं झाड. बाहेर ३५ अंश आणि आत पाऊल टाकलं की अंगावरून ओलं फडकं फिरवल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात झाडांना झऱ्याचं पाणी पाटाने देतात. तिने मला ते शिकवलं. कुदळीने पाटाचं तोंड उघडायचं, आळं भरेपर्यंत थांबायचं, मग चिखलाचा गोळा आणि केळीचं सोपट लावून बंद करायचं आणि पुढच्या झाडाकडे जायचं. मी घाई करायचो. ती म्हणायची, “पाणी मुळापर्यंत जायला वेळ घेतं. वरची माती भिजली म्हणजे झालं असं नाही.”

काजूचा हंगाम चालू होता. एकदा तिच्या बाबांनी नीरो प्यायला दिला, बोंडांचा लगदा बांधून ठेवल्यावर थेंब थेंब गळतो तो रस. घशाला किंचित खवखव लागते आणि तरी दुसरा पेला मागावासा वाटतो. मेमध्ये मानकुराद आंबे आले. तिच्या आजीने पहिला पिकलेला आंबा देवापुढे ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे. त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही.

परवा, १६ तारखेला संध्याकाळी, तिचं ग्रंथालयातलं काम संपल्यावर आम्ही रायबंदरला गेलो. मांडवीकाठचा तो १६३४ सालचा जुना पाटो, म्हणजे दगडी पूल-रस्ता, एका बाजूला मिठागरं, सूर्य पाण्यावर टेकलेला. रायबंदरहून चोडण बेटाची फेरीबोट घेतली. पलीकडे उतरलोच नाही, त्याच फेरीने परत निघालो. समोर सलीम अली अभयारण्याची खारफुटी होती आणि बगळे परतत होते. इंजिनाच्या आवाजात मला जरा मोठ्याने बोलावं लागलं. म्हणालो, “माझ्याशी लग्न करशील का?”

शेजारी स्कूटरवर बसलेल्या एक बाई पटकन दुसरीकडे बघू लागल्या.

ती लगेच काही बोलली नाही. कठड्यावर ठेवलेल्या माझ्या हातावर तिने हात ठेवला, त्या गठ्ठ्यावर मी ठेवला होता तसा, न दाबता. माझ्याशी ती एरवी मराठीत बोलते. त्या वेळी कोंकणीत म्हणाली, “पावस पडूं दी. मागीर सांगतां.” पाऊस पडू दे, मग सांगते.

फेरी धक्क्याला लागल्यावर मराठीत म्हणाली, “मे महिन्यातलं आमचं घर कुणालाही आवडेल. तू एक पावसाळा बघ. मीही तुला पावसात बघते.”

आता माझी अवस्था अशी आहे की हे मला पटतंय आणि सहनही होत नाहीये. सांगलीला आई स्थळं बघायच्या तयारीत आहे, तिला काय सांगू? फोंड्याला तिच्या घरी आजी म्हणे कौल लावल्याशिवाय कुठलीच सोयरीक ठरवत नाही. आणि हे उत्तर नेमकं काय समजायचं? तुमच्यापैकी गोव्यातले, गोव्यात लग्न होऊन आलेले कुणी असतील तर कृपया लिहा.

---

सोलकढी | १८ मे, रात्री ११.४२

हा नकार नाही हो! नकार द्यायचा असता तर तिने हातावर हात ठेवला नसता. शांत झोपा आज.

---

शापोरा | १९ मे, सकाळी ८.०५

फार मनापासून लिहिलंय. वाचतोय. पुढे काय झालं ते इथेच सांगा.

---

सरळरेषा | १९ मे, सकाळी ९.३०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आवडत असेल तर हो म्हणावं, नसेल तर नाही. माणसाला चार महिने टांगून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. माझ्या धाकट्या भावाला असंच ‘नंतर सांगते’ म्हणून वर्षभर थांबवलं आणि शेवटी नाही आलं. त्या वर्षात आम्ही त्याला आतून झिजताना बघितलं आहे. तुम्ही तिला एक तारीख विचारून घ्या. तेवढा तुमचा हक्क आहे.

---

पोफळी | १९ मे, दुपारी ३.१५

सरळरेषा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. तुमची काळजीही समजते. पण या मुलीच्या बाजूने मला लिहायलाच हवं, कारण तिने जे मागितलं ते मागायचं मला १९९६ साली सुचलं नव्हतं.

मी कोल्हापूरची. लग्न होऊन फोंडा तालुक्यातल्या कुळागरात आले ती मे महिन्यात. घरात आंबे, फणस, पाहुणे, अंगणात गप्पा. मला वाटलं स्वर्ग हाच. नंतर मृग लागला.

कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीचे, पाऊस आम्हीही बघितला होता असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. पण कुळागर मुळात सखल जागी असतं, वर झाडांचं छत. पाऊस थांबला तरी पानांवरून तासभर गळत राहतो. चार वाजता दिवा लावावा लागतो आणि नेमकी तेव्हा वीज जाते, ती कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही. कपडे वाळत नाहीत. चुलीवर बांबू टांगून त्यावर घालायचे, मग सगळ्या साड्यांना धुराचा वास. पायाला जळवा. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी जवळजवळ नाहीच. मेमध्ये भरून ठेवलेलं पुरुमेंत काढायचं, म्हणजे सोलां (कोकमं), सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, मिरच्या, उकडे तांदूळ. ते जर नीट वाळवलं नसेल तर जुलैत घरात कुणाचं तोंड बघवत नाही.

आणि सगळ्यांच्या मनात एकच धास्ती, पोफळीला कोळेरोग लागेल का. सुपाऱ्या कच्च्याच सडून खाली पडतात. सकाळी उठून झाडाखाली बघायचं, किती पडल्या. माझे सासरे त्या दिवसांत जेवताना बोलायचे नाहीत. मला वाटायचं माझ्यावर रागावलेत. तीन वर्षांनी कळलं, ते मनात सुपाऱ्या मोजत असायचे.

जूनच्या शेवटी मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. नवरा चांगला होता, आहे. पण त्याने मला हे आधी दाखवलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दाखवलं असतं तर मी आले नसते असं नाही. आले असतेच. फक्त जुलैत स्वतःला फसवलेली समजले नसते.

तेव्हा तुमची ती तुम्हाला टांगून ठेवत नाहीये. ती तुम्हाला घर दाखवतेय, आत घेऊन. जा. गमबूट घेऊन जा. आणि पाहुण्यासारखे बसू नका.

---

सोलकढी | १९ मे, दुपारी ४.०२

पोफळीताई, सासऱ्यांचं वाचून गलबलून आलं.

---

मांडवीकाठ | १९ मे, रात्री ९.२०

मी वकिली करतो, म्हणून कायद्याचं लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

गोव्यात लग्नाची नोंदणी म्हणजे केवळ एक सोपस्कार नव्हे. १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा इथे सगळ्या धर्मांना लागू आहे. देवळात किंवा हॉलमध्ये सगळे विधी झाले आणि नोंदणी नाही केली तर कायद्याच्या नजरेत लग्न झालेलं नसतं. सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या असतात. पहिल्या सहीला तुम्ही दोघं लग्न करायचा इरादा नोंदवता. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती मागवतात. मधले दिवस गेले की दुसरी सही, आणि ती झाली की लग्न पक्कं. दोन्ही वेळा साक्षीदार लागतात. जन्मदाखला आणि रहिवासाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. बाहेरून आलेल्यांचा वेळ तिथेच जातो.

दुसरं. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता समाईक होते, तिचं निम्मं त्याचं, त्याचं निम्मं तिचं. विकायची वेळ आली तर दोघांची सही लागते. वेगळी व्यवस्था हवी असेल तर तो करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो, मागाहून बदलता येत नाही. तुम्ही मूळ महाराष्ट्रातले, तुमच्या बाबतीत काय कसं लागू होईल ते एखाद्या वकिलाकडे समोर बसून विचारून घ्या. हे बोलायला संकोच वाटतो, पण कुळागरासारखी वडिलोपार्जित जागा असलेल्या घरात हे तुम्ही आपणहून काढलंत तर तिच्या वडिलांना तुमच्याबद्दल विश्वासच वाटेल.

आणखी एक. माझी आणि माझ्या पत्नीची पहिली सही झाली त्या दिवशी आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो आणि दोघंही गप्प होतो. अजून नवरा-बायको नाही, पण अनोळखीही नाही. दोन सह्यांमधले ते दिवस मला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवतात. तुमचा पावसाळा मला तसा वाटतोय.

---

कृष्णाकाठ | २० मे, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. पोफळीताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला आणि काल तिलाही वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझी आईपण न्हाणीघरातच रडायची.” तिची आई आता नाही. हे मला इतके दिवस माहीत होतं, पण ती कशी राहिली हे तिने काल पहिल्यांदा सांगितलं.

सरळरेषा, तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटतं. तारीख मी विचारणार नाही. पण तुमचं म्हणणं तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, पुढे नाही नेणार.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने विचारलं, “मुलगी हो म्हणाली का?” मी म्हटलं, पाऊस पडल्यावर सांगणार आहे. आई जरा थांबली. आमचं घर कृष्णेपासून जवळ आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या होत्या. आई म्हणाली, “शहाणी आहे. मला तुझ्या बाबांचं घर कळलं ते पुराच्या चिखलातून भांडी काढताना. तोवर मी नुसती नांदत होते.” स्थळांची वही तिने बाजूला ठेवली आहे.

---

दिवाडी | २१ मे, सकाळी ७.५०

कौलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या घराण्यात देवळाची सेवा आहे. देवाच्या अंगावर पाण्याने फुलं किंवा पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवीकडची पडली की होकार. बाहेरच्यांना ही अंधश्रद्धा वाटते. मी वाद घालत नाही. पण आत उभं राहून मी जे बघितलंय ते सांगतो. कौलाच्या वेळी सगळं घर एकत्र येतं, आणि मनातलं जे एरवी जेवताना कुणी बोलत नाही ते गाऱ्हाण्यात मोठ्याने बोललं जातं. “पोरगी लांब जाईल, म्हातारीला कोण बघणार,” असं सगळ्यांसमोर देवाला सांगतात. ते ऐका. तुम्हाला उत्तर तिथेच द्यायचं आहे.

एकच सांगणं. तिचं उत्तर आधी येऊ दे, कौल मागाहून. आजीला हे आदराने सांगता येतं. आमच्याकडे कित्येक जण सांगतात.

---

शापोरा | २१ मे, सकाळी ९.१५

दिवाडी, फार सुंदर सांगितलंत.

---

कृष्णाकाठ | १ जून, रात्री ९.४५

थोडक्यात कळवतो. तिच्या बाबांशी बोललो. लग्नाचं विचारलं आहे आणि उत्तर यायचं आहे, हे दोन्ही सांगितलं. पावसात शनिवार-रविवार कामाला येऊ का, असं विचारलं. ते अंगणात सोलां उलटत होते, भिरंडांच्या साली, त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झालेले. बराच वेळ उलटतच राहिले. मग म्हणाले, “मंगेशीचे दीनानाथ सांगलेक गेल्ले. आतां सांगलेचो हांगा आयला.” आणि मला शेजारची सुपली दिली.

त्याच दिवशी पोफळींवर पावसाआधीची पहिली फवारणी झाली. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. मी फक्त पाणी ओढलं.

---

पोफळी | १ जून, रात्री १०.१०

सुपली दिली ना. मग झालं. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात कुणी सुपली देत नाही.

---

कृष्णाकाठ | २२ जून, रात्री ११.२०

पाऊस लागला. पोफळीताई, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि तरी अंगावर पडल्यावर वेगळं आहे.

गेल्या शनिवारी वीज गेली ती रविवारी मी निघेपर्यंत आली नव्हती. रात्री माजघरात कंदील, बाहेर पाण्याचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून कुणी बोलतच नव्हतं. आजी एका बाजूला वाती वळत होत्या. तिचे बाबा दाराशी बसून अंधाराकडे बघत होते. मला कळलं, ते मोजतायत.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काही बोललो नाही. अर्ध्या तासाने ते म्हणाले, गेल्या वर्षी पाट भरून वाहिला आणि खालच्या अंगाची बारा झाडं गेली. सकाळी दोघं जाऊन चर साफ केला, दोन तास. पायाला तीन जळवा लागल्या. तिने मीठ लावून काढल्या, तशीच बसून राहिली आणि विचारलं, “दुखतंय?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “खोटं नको सांगू. दुखतं.” मग मी म्हटलं, दुखतंय. तेव्हा ती हसली. गेल्या तीन महिन्यांत मी तिला अशी हसताना बघितली नव्हती.

मलाही एका गोष्टीची कबुली द्यायची आहे. एका शनिवारी मी आजारी असल्याचं सांगून गेलो नाही. खरं म्हणजे आजारी नव्हतो. त्या ओल्या अंधाराचा कंटाळा आला होता, सांगलीची आठवण येत होती. सोमवारी ग्रंथालयात तिला खरं सांगितलं. वाटलं, संपलं आता सगळं. ती म्हणाली, “मलाही दर पावसात एक शनिवार तसाच येतो. पुढच्या वेळी सांग, मी पणजीला येईन.”

---

सोलकढी | २३ जून, सकाळी ८.३०

उद्या सांजांव, सेंट जॉनचा सण. आमच्या शेजारच्या ख्रिश्चन घरात नव्या जावयाला सासू बोलावते, डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. पुढच्या वर्षी तुमचा विचार करून मी घुमट वाद्याचा आवाज ऐकीन.

---

सरळरेषा | २३ जून, दुपारी १.००

मी सगळं वाचतोय. त्या शनिवारचं खरं सांगितलंत ते फार चांगलं केलंत. माझ्या भावाच्या बाबतीत दोघांपैकी कुणीच कुणाला खरं सांगत नव्हतं, हे मला आत्ता जाणवतंय. माझं पहिलं मत मी मागे घेतो. मनापासून शुभेच्छा.

---

मांडवीकाठ | ८ जुलै, रात्री ९.००

धागा वर काढतोय. जन्मदाखला आला का सांगलीहून?

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री ९.२५

आला! आईने स्वतः महापालिकेत जाऊन काढला. उत्तर अजून नाही, पण दाखला तयार आहे.

---

कृष्णाकाठ | २० जुलै, रात्री १०.५०

आज लिहिताना हात थरथरतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

दोन दिवस पावसाने उघडीप दिली, म्हणून दुसरी फवारणी ठरली. या वेळी मिश्रण मी करायचं असं बाबांनी सांगितलं. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून पाण्यात सोडून ठेवला होता, एक किलो. सकाळपर्यंत ५० लिटर पाणी गडद निळं झालं. दुसऱ्या पिंपात एक किलो चुना ५० लिटर पाण्यात. पिंपं प्लॅस्टिकची, लोखंडाचं भांडं चालत नाही. मी निळं पाणी चुन्यात हळूहळू ओतत होतो आणि ती लाकडी दांडक्याने ढवळत होती. आकाशी रंग आला. ओतायचं संपलं तरी ती ढवळतच होती.

चुना कमी पडला असेल तर हे औषध पानं आणि सुपाऱ्या जाळतं. ते ओळखायची एक जुनी रीत आहे. तिने कोयता घेतला, दगडावर घासून पातं लखलखीत केलं आणि पिंपात बुडवून धरला. तांबूस थर चढला तर चुना कमी. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पाण्याच्या आत कोयता, वर आमचे चेहरे.

मिनिटभराने तिने कोयता बाहेर काढला. उजेडात इकडून तिकडून फिरवला. पातं स्वच्छ होतं.

“जालें,” ती म्हणाली.

मी विचारलं, “मिश्रण झालं?”

“हेंय जालें,” ती म्हणाली, “आनी तेंय.”

मला कळायला जरा वेळ लागला. मी पिंपाकडे बघत राहिलो. तिने कोयता खाली ठेवला आणि निळ्या डागांनी भरलेला हात माझ्या हातावर ठेवला. या वेळी घट्ट दाबून.

वरून बाबांची हाक आली, औषध कुठे आहे म्हणून. पोफळीवर चढणारा माणूस खोळंबला होता. आम्ही पिंप उचलून निघालो. संध्याकाळपर्यंत फवारणी चालली आणि तोवर आम्ही त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. चुलीजवळ बसल्यावर तिनेच आजीला सांगितलं. आजींनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, उद्या देवळात जायचं. उत्तर आधी, कौल मागाहून. दिवाडी, तुमची आठवण काढली.

---

पोफळी | २० जुलै, रात्री १०.५८

रडतेय. बाहेर पाऊस परत सुरू झालाय आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर वाचून रडतेय. या वेळी न्हाणीघरात नाही.

---

सोलकढी | २० जुलै, रात्री ११.०५

अभिनंदन! तुम्हा दोघांचं खूप खूप अभिनंदन!

---

सरळरेषा | २१ जुलै, सकाळी ७.१०

अभिनंदन. भावालाही धागा वाचायला दिला.

---

दिवाडी | २१ जुलै, रात्री ८.४०

कौलाचं काय झालं ते सांगा. आणि गाऱ्हाण्यात काय बोलले?

---

कृष्णाकाठ | २२ जुलै, रात्री १०.१५

उजवा झाला. पण तुम्ही म्हणालात तसं, खरं गाऱ्हाण्यातच होतं. आजींनी भटजींकरवी देवाला सांगितलं, “आमचे पोरीची आवय ना, ती आमकां सोडून पयस वचूंक जायना.” म्हणजे पोरीला आई नाही, तिने आम्हाला सोडून लांब जाऊ नये. मी बाहेर उभा राहून ऐकलं. घरी आल्यावर आजींजवळ बसून सांगितलं, नोकरी पणजीत आहे, शनिवारी आम्ही इथेच असू, फवारणीला दर वर्षी. आजी म्हणाल्या, “आनी सांगलेची आवय?” ते मी विसरलो होतो. त्यांनीच ठरवलं की दिवाळीचे दिवस सांगलीला.

पहिली सही चवथीनंतर. चवथीला आई येतेय, गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळांचा टांगता मांडव, बघायची तिची फार इच्छा आहे. माटोळीसाठी जंगलातली फळं आणायला मी आणि बाबा जाणार आहोत. मांडवीकाठ, कराराचं मीच काढलं. बाबा म्हणाले, दोघांनी मिळून ठरवा, कागद मी वाचीन. पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जातोय. साक्षीदार म्हणून तुम्ही याल का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.

---

मांडवीकाठ | २२ जुलै, रात्री १०.४०

येणार. काळा कोट घरी ठेवून येणार.

---

पोफळी | २२ जुलै, रात्री १०.५५

आई सांगलीहून येताना हळद आणणारच असतील, लग्नाची. तेव्हा माझ्यासाठी वेगळी किलोभर सांगा, मी फोंड्याला बसस्टँडवर येऊन घेईन. आणि तिला सांगा, साड्या धुराने वासाळल्या की उन्हं पडेपर्यंत सुक्या बकुळीच्या फुलांत ठेवायच्या. माझ्याकडे दोन पिशव्या भरून आहेत, तेव्हाच देईन.